तीस सेकंदांचं मौन

संवादांच्या पानांवर आज एक कागद जास्तीचा होता. डबिंगच्या खोलीत शिरल्या शिरल्या काकूंची नजर आधी त्याच्यावर गेली आणि मग शेजारच्या पेनवर. पेनचं टोपण कोणीतरी काढूनच ठेवलं होतं. ‘कोणीतरी’ कशाला, पुतण्यानेच. लहानपणापासून त्याची ही रीत. काही हवं असलं की तोंडाने मागायचं नाही. वस्तू नजरेसमोर ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. शाळेत होता तेव्हा फाटका बूट असाच उंबऱ्यात ठेवून द्यायचा.

काकूंनी कागद वाचला नाही. त्यात काय आहे ते ठाऊक होतं. ‘माझ्या दिवंगत पतीचा आवाज यंत्राद्वारे तयार करून सदर चित्रपटात वापरण्यास माझी हरकत नाही.’ खाली सहीची जागा. त्यांनी तो पानांच्या तळाशी घातला, पेनला टोपण लावलं आणि कानांवर हेडफोन चढवले.

“काकू, माझा आवाज येतोय?” काचेपलीकडून पुतण्याने विचारलं.

“तुझा न यायला काय झालं? घरी भिंतीपलीकडून येतो.”

पुतण्या हसला, पण ते हसू गळ्याच्या वरचं होतं. त्याचा हा पहिलाच चित्रपट. संध्याकाळी सहाच्या आत तो पुरा करून पाठवायचा होता. नाहीतर ठरलेली तारीख हुकली असती, आणि नव्या दिग्दर्शकाची पहिली तारीख हुकली की दुसरी कोणी देत नाही. घड्याळात दोन वाजले होते. आठ प्रसंग बाकी होते.

त्याच्या शेजारी ध्वनिमुद्रण करणारा गृहस्थ बसला होता. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, कोण जाणे. सगळे त्याला कानसेन म्हणत. “बोलणारे गल्लोगल्ली मिळतील, ऐकणारा हा एकच,” असं म्हणून ते नाव मास्तरांनी ठेवलं होतं. आणि मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण ‘श’ आणि ‘ष’ सारखेच उच्चारणाऱ्याला ते सुखाने डबा खाऊ देत नसत, म्हणून मास्तर.

पडद्यावरची गोष्ट साधी होती. एका बाईचा नवरा अपघातात जातो. एक कंपनी तिला ‘सोबती’ पाठवते. सोबती म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. पण नवऱ्यासारखा हुबेहूब. तोच चेहरा, तीच चाल, तोच आवाज. बाई आधी घाबरते, मग रुळते, मग तिला तो खऱ्यापेक्षा बरा वाटायला लागतो, कारण तो कधी वैतागत नाही. आणि शेवटी तिला ठरवावं लागतं, ठेवायचा की परत पाठवायचा. नटी दिसायला सुंदर, पण आवाज फाटक्या कागदाचा. म्हणून तिचा आवाज काकू. नटाची तीच रड. त्याचा आवाज मास्तर. जिवंत नवरा मास्तरांनी पुरा केला होता. सोबती अर्धा केला होता. आणि आठ महिन्यांपूर्वी, एका दुपारी, दिवसाचं काम संपवून ते या इमारतीचा जिना उतरत होते, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले ते बसलेच.

देवाची करणी. जी गोष्ट पडद्यावरच्या बाईची, तीच तिला आवाज देणाऱ्या बाईची झाली. फरक एवढाच की काकूंना कोणी सोबती पाठवला नव्हता. तो आज येणार होता, हेडफोनमधून.

पुतण्याने मास्तरांची तीस वर्षांची जुनी ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवली होती. आता यंत्राला वाक्य लिहून दिलं की ते मास्तरांच्या आवाजात म्हणत असे. “एकदा फक्त ऐक,” तो पंधरा दिवस मागे लागला होता, “मग तुझ्या मनाला येईल ते कर.” काकू आल्या होत्या. जिन्याचं ते वळण त्या भिंतीला हात लावून, खाली न बघता ओलांडून आल्या होत्या.

लाल दिवा लागला.

पडद्यावर जेवणाचं टेबल. सोबती खुर्ची ओढून बसतो. काकूंच्या कानात, अगदी कानाच्या पाळीला ओठ लावावेत इतक्या जवळून, आवाज आला:

“तू अजून जेवली नाहीस.”

काकू उभ्या होत्या म्हणून बरं. बसलेल्या असत्या तर उठून उभ्या राहिल्या असत्या. तोच खर्ज. वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरण्याची तीच सवय. त्यांनी स्टँडची कड घट्ट धरली आणि नटीच्या ओठांकडे बघत आपलं वाक्य म्हटलं, “भूक नाही मला.” आवाज थरथरला. पण पडद्यावरची बाईही थरथरतच होती, तेव्हा ते शोभून गेलं.

“फार सुंदर, काकू! पुढचा.”

दुसरा प्रसंग झाला. तिसरा झाला. काकूंनी एकदाही पाणी मागितलं नाही. एका अंगाने त्या वाक्यं म्हणत होत्या आणि दुसऱ्या अंगाने नुसतं ऐकत होत्या, ऐकत होत्या. कानसेन पलीकडे मान खाली घालून बटणं सरकवत होता.

चौथ्या प्रसंगात सोबती खिडकीशी उभा असतो. “पाऊस येईल असं वाटतं,” एवढंच त्याचं वाक्य. त्यावर बाईने थोडं थांबून म्हणायचं, “येऊ दे.” आवाज म्हणाला, “पाऊस येईल असं वाटतं.” काकूंनी श्वास घेतला. आणि त्या श्वासाच्या फटीत तो आवाज पुन्हा बोलला. हळू, घरच्यासारखा.

“अगं, तुझं मौन होतं. मी कुठे रागावलो?”

पडद्यावर नटीचे ओठ हलून गेले. काकूंच्या तोंडून शब्द आला नाही. लाल दिवा तसाच जळत राहिला.

*

काकूंचं सकाळचं मौन पंचवीस वर्षांचं होतं. जाग आल्यापासून देवापुढचं नामस्मरण संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिला शब्द देवाचा, मग बाकीच्यांचे. दार वाजो, फोन वाजो, दूध उतू जावो. मास्तर त्यावरून चिडवायचे. डबिंगच्या कामात रोज शेवटी ‘खोलीचं मौन’ घ्यावं लागतं: सगळ्यांनी तीस सेकंद निश्चल उभं राहायचं, आणि रिकाम्या खोलीचा जो काही बारीक आवाज असतो तो मुद्रित करून ठेवायचा, वाक्यावाक्यांमधल्या फटी नंतर त्याने बुजवतात. “मी इथे तीस सेकंदांत सुटतो,” मास्तर म्हणायचे. “घरी तासभर शिक्षा असते.”

त्या दिवशी सकाळी ते बूट घालून दारात उभे होते. काकू देवापुढे. “येतेस का बरोबर?” त्यांनी विचारलं. “आज एकट्याने जायला नको वाटतंय.”

असं ते कधी म्हणत नसत. काकूंनी वळून पाहिलं. बोटांनी खूण केली: तुम्ही व्हा पुढे, मी दुपारी येते मागून. ते क्षणभर उभे राहिले. “बरं,” म्हणाले. मग दार लागलं.

दार जरा जोरात लागलं. एवढंच. वाऱ्याने लागलं की त्यांनी आपटलं, हे काकू आठ महिने मनाच्या काट्यावर तोलत होत्या. एखाद्या सकाळी वाटे, वाराच होता, समोरची खिडकी उघडी होती. दुसऱ्या सकाळी वाटे, खिडकी तर आपणच लावली होती. आपण एक शब्द बोललो असतो तर देव काय घराबाहेर काढणार होता? व्रत त्यांनी सोडलं नव्हतं, पण आता ते पूर्वीसारखं हलकं राहिलं नव्हतं. भरल्या घागरीसारखं कमरेवर घेऊन बसावं लागे.

आणि हे कोणाला सांगितलं होतं? एकदाच, दिवसकार्य आटोपल्यावर, स्वयंपाकघरात. पुतण्याला.

*

काकूंनी हेडफोन काढून गळ्यात घेतले.

“काय होतं ते?”

“कुठलं?” पुतण्या म्हणाला.

“पानात नाही ते.”

तो पुढे वाकला. “अगं, ते... जुन्या टेपमधलं असेल. त्या शेवटच्या दिवशी काका मधूनमधून काही बोलले असतील. यंत्राला सगळंच खाऊ घातलंय ना, त्यातलंच निघालं असणार.”

“त्या दिवशी म्हणाले? असं?”

“असतील. म्हणजे... काकांचाच आवाज आहे, काकू. तू ऐकलास.”

ऐकला होता. अंगावर ऊन यावं तसा ऐकला होता. मी कुठे रागावलो. आठ महिन्यांचा काटा एका बाजूला झुकून टेकला. काकूंच्या डोळ्यांत पाणी भरलं, आणि त्या पाण्यातच त्यांनी पानांच्या तळाचा कागद ओढून वर घेतला. ज्या यंत्राने हे हातात दिलं त्याला एक सही द्यायला काय हरकत? पेनचं टोपण निघालं.

काचेपलीकडे पुतण्याचे खांदे सैल झाले.

पण कानसेनचे झाले नाहीत. हा गृहस्थ नेहमी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. समोरचा नुसता खाकरला तरी मान वर होई. आज तो टेबलाकडे बघत होता, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

“कानसेन,” काकूंनी हाक मारली. “ते वाक्य त्या दिवशीच्या टेपमधलं आहे?”

“ताई, तुमच्या घरच्या गोष्टीत मला कशाला ओढता?”

“काकू, सव्वातीन वाजलेत,” पुतण्या मध्येच म्हणाला. “सही करून टाक ना, बोलू नंतर.”

“तू थांब.” काकूंचा आवाज मुळात मऊ, त्या रागावल्या की तो आणखी मऊ होई, आणि घरातल्यांना त्याचीच भीती वाटे. “कानसेन, मी तुम्हाला विचारतच नाही. तुमच्या कानांना विचारतेय. त्यांना खोटं बोलता येत नाही.”

कानसेनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, “हेडफोन लावा.”

त्याने मास्तरांचं एक जुनं वाक्य लावलं, आणि वाक्य संपल्यावर मागची शांतता मोठी मोठी करत नेली. शांतता रिकामी नव्हती. तिच्यात थंड हवेच्या यंत्राची बारीक घरघर होती, कुठेतरी लाकूड आकसल्याची करकर, रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा भास.

“ही आपली खोली,” कानसेन म्हणाला. “इथे जो जो बोलला, त्याच्या मागे ही उभी असतेच. आता हे ऐका.”

अगं, तुझं मौन होतं. मी कुठे रागावलो? त्याने मागची शांतता वाढवली. वाढवली. पार वरपर्यंत नेली. काहीच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि तो तळाला लागूच नये, तसं.

“यंत्राच्या वाक्यांमागे खोली नसते. महिनाभर मीच ती मागे लावतोय, एकेका वाक्याला. याला लावली नाही, कारण हे वाक्य माझ्या पानात नव्हतंच.” त्याने काचेतून काकूंकडे पाहिलं. “यामागे खोली नाही, ताई. मास्तर हे इथे बोलले नाहीत.”

काकूंनी पेन खाली ठेवलं. बोटांना शाई लागली होती.

“तू लिहिलंस?” त्यांनी पुतण्याला विचारलं.

“नाही! देवाशपथ नाही.”

“देवाला मध्ये घालू नकोस. त्याला आधीच माझ्यामुळे पुष्कळ ऐकावं लागतंय.”

“लिहिलं नाही गं. मी फक्त विचारलं.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “सांगितलं, काकू त्या सकाळी बोलली नाही. म्हटलं, तुम्हाला काय वाटलं, काका? तर ते... तर त्याने असं उत्तर दिलं. मला वाटलं, काका असंच म्हणाले असते. मला वाटलं तुला बरं वाटेल. ते आज मुद्दाम मध्ये टाकलं, हे खरं. सहीसाठी टाकलं, तेही खरं. पण नुसतं सहीसाठी नाही.”

“तू बोलतोस त्याच्याशी?”

पुतण्याने समोरची पानं सरळ केली.

“रोज?”

“रोज,” तो म्हणाला. “घरी यायच्या आधी, गाडीत बसून. दहा मिनिटं. दिवसभर काय काय झालं ते सांगतो.” या घरात तो सहा वर्षांचा असताना आला होता, आईबाप गेल्यावर काकांचं बोट धरून. आत्ता काचेपलीकडे तेवढाच दिसत होता.

काकूंचा राग जागच्या जागी बसला. तरी त्यांनी विचारलंच, “ओरडतात का तुझ्यावर?”

“नाही.”

“बुटाची नाडी सुटलेली आहे म्हणून?”

“नाही, काकू.”

“‘विषय’ला ‘विशय’ म्हणालास तरी?”

तो खाली वाकून आपल्या बुटाची नाडी बांधू लागला. “कधीच नाही.”

“मग ते हे नव्हेत,” काकू म्हणाल्या.

घड्याळ पुढे सरकत होतं. मग कानसेनच घसा साफ करत म्हणाला, “ताई, काचेच्या आत बोललेलं काचेच्या आत, हा आमच्या धंद्याचा धर्म. माणसं दोन वाक्यांच्या मध्ये काय वाटेल ते बोलतात. मी ते बाहेर नेत नाही, कोणाला ऐकवत नाही. यंत्राला दिलं त्यातूनही मी ते सगळं काढूनच दिलं होतं.” तो थांबला. “पण त्या दिवसाची मूळ टेप माझ्याकडे आहे. शेवटी खोलीचं मौन घेतलं, त्यानंतर मास्तर काहीतरी बोलले. मी पुन्हा ऐकलेलं नाही. धीर झाला नाही. चित्रपट गेला की आज संध्याकाळी कच्च्या टेपा सगळ्या पुसायच्यात.”

आठ महिने ज्याचा शोध घेतला ते इथे होतं, तिसऱ्या मजल्यावर, एका कपाटात.

“काय बोलले?”

“माझ्या तोंडून ऐकू नका. मी त्या दिवशी तारा गुंडाळत होतो, मला आठवतंय तेही अर्धवट. पण...” त्याने मान हलवली. “थोडे चिडलेले होते, एवढं खरं.”

पुतण्या उठलाच. “नको काकू! ऐकू नकोस. समजा वाईट निघालं तर? मग काय करशील? पुन्हा विचारायला काका आहेत का? हे वाक्य आहे ना तुझ्याकडे, हेच राहू दे. हातातलं चांगलं सोडून कशाला...”

त्याचं चूक नव्हतं. तेच तर भय होतं. दार आपटलंच होतं, असं त्यांच्याच तोंडून ऐकलं तर उद्या सकाळी देवापुढे कोणत्या तोंडाने बसायचं? आणि नाही ऐकलं, तर रोज त्या खोली नसलेल्या वाक्यावर डोकं टेकायचं. गोड आहे, म्हणून. भिंत नाही, हे माहीत असून.

काकूंनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “लावा.”

“ताई...”

“लावा, कानसेन. मी उभीच आहे.”

त्याने टेप शोधली. लाल दिवा यावेळी लागला नाही. नुसती एक हिरवी रेघ पडद्यावर सरकू लागली. हेडफोनमध्ये खोली उघडली. हीच. हवेच्या यंत्राची घरघर. लाकडाची करकर. आणि त्यात एक श्वास. नाकातून येताना बारीक शीळ घालणारा. तीस वर्षं त्या शिळेने काकूंची झोप मोडली होती, आणि तीस वर्षं त्यांनी त्याबद्दल कुरकुर केली होती. काकूंचा हात आपोआप तोंडावर गेला.

दहा सेकंद. वीस. श्वास येत होता, जात होता. मध्ये एकदा जरा अडकला, मग पुन्हा चालू झाला. रेघ सरकत होती. काकूंना वाटलं, ही संपूच नये. आणि त्याच क्षणी वाटलं, एकदाची संपू दे.

“झालं का रे?” मास्तर म्हणाले.

झालं, झालं, दुरून कानसेनचा आवाज.

“हुश्श. सुटलो. आज दोनदा शिक्षा. सकाळी म्हटलं, येतेस का, तर हातानेच हाकललं मला. चिडलो, असा चिडलो! दार आपटून निघालो. पहिला शब्द देवाला, आणि मला काय, तर उरलेसुरले.” खुर्ची करकरली. “साठी जवळ आली तरी अक्कल नाही, बघ. देवाशी कसली स्पर्धा करायची?”

मग घरी जाऊन काय सांगणार, कानसेन विचारत होता.

“घरी कशाला? येतेच आहे ती मागून, सांगितलंय तिने. चहा पितो आणि खाली जाऊन थांबतो; तिला तीन मजले चढवत नाही हल्ली. चहात साखर दोन चमचे घाल. आणि हे तिला सांगू नकोस.”

टिक्. रेघ थांबली.

मग पुतण्याने पाहिलं, काकूंचे खांदे गदगदत होते, आणि त्याला कळेना की त्या रडताहेत की हसताहेत. दोन्ही होतं.

“आपटलंच होतं,” काकू म्हणाल्या. “ऐकलंस? दारच आपटलं होतं. तरी मला वाटतच होतं. वारा कसला डोंबलाचा! खिडकी लावलेली होती मी.”

“काकू...”

“आणि दोन चमचे साखर! डॉक्टरांनी एकसुद्धा बंद केला होता. आणि तुम्ही घातलीत, कानसेन?”

“घातली, ताई,” कानसेन डोळे पुसत म्हणाला. “मास्तरांपुढे माझं कधी चाललंय?”

येतेच आहे ती मागून. खूण कळली होती त्यांना. खाली थांबायलाच निघाले होते. काकूंनी ते मनात एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं. टोचत होतं, पण उभं राहायला जागा होती त्यात. मागे खोली होती.

*

चार वाजून गेले होते. काकूंनी तो कागद समोर घेतला, छापलेल्या मजकुरावर एक सरळ रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘माझ्या यजमानांचा शेवटच्या दिवशीचा तीस सेकंदांचा श्वास या चित्रपटात वापरावा. एकही शब्द वापरू नये.’ मग सही केली आणि कागद काचेला लावून दाखवला.

पुतण्याने तो दोनदा वाचला. “पण आठ प्रसंगांत सोबती बोलतोय. ओठ हलताहेत त्याचे.”

“मग ओठ दाखवू नकोस. तिचं तोंड दाखव. तिला विचारू दे, पुन्हा पुन्हा विचारू दे. त्याने नुसता श्वास घ्यावा.”

“दोन तासांपेक्षा कमी राहिलेत, आणि तुम्ही दोघं...” कानसेन पुटपुटला.

पण पुतण्याची नजर पडद्यावर गेली होती, आणि ती नजर आता पुतण्याची नव्हती, दिग्दर्शकाची होती. “जेवणाच्या टेबलावर तिचा चेहरा आहे माझ्याकडे,” तो हळूच म्हणाला. “खिडकीशी तो पाठमोराच आहे. एक दिवस तो बोलायचा थांबतो. का, ते तिला कळत नाही. बिघडलाय, की... काकू, हे जास्त भीतीदायक होईल.”

“भीतीदायकच आहे ते,” काकू म्हणाल्या. “मला विचार.”

पुढचे दीड तास तिघांनी पाणी प्यायलं नाही. पुतण्या कापत होता, जोडत होता, कानसेन श्वास मागे लावत होता, आणि काकू एकेक वाक्य त्या शीळ घालणाऱ्या श्वासाला उद्देशून म्हणत होत्या. भूक नाही मला. येऊ दे. रागावलास का? बोल ना. उत्तर येत नव्हतं. शेवटच्या प्रसंगात बाई दार उघडते आणि कंपनीच्या माणसाला सांगते, “घेऊन जा. हा कधी चिडत नाही.” हे वाक्य पानात नव्हतं. पुतण्याने ते ठेवलं.

सहाला सात मिनिटं कमी असताना चित्रपट गेला.

कानसेन कच्च्या टेपा पुसायला बसला. त्या दिवसाची एक त्याने बाजूला काढून काकूंच्या पिशवीत घातली. बाहेर न नेण्याचा नियम आयुष्यात पहिल्यांदाच मोडला. तेवढ्यात पुतण्याने खिशातून मोबाईल काढला, त्यातलं ते गाडीत रोज दहा मिनिटं बोललेलं सगळं उघडलं, कानसेनच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि बाजूला होऊन उभा राहिला. तोंडाने काही बोलला नाही.

कानसेनने काकूंकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” काकू म्हणाल्या. “त्याची रीतच आहे ती. पुसा.”

मग खोलीचं मौन घ्यायचं राहिलं होतं. आज त्याची गरज नव्हती, चित्रपट तर गेलाच होता; पण कानसेनचा हात सवयीने बटणावर गेला, आणि कोणी नको म्हणालं नाही. तिघं तीन ठिकाणी उभे राहिले. घरघर, करकर, खालून गेलेली गाडी. काकूंनी आज मोजलं नाही.

“झालं का रे?” त्यांनी विचारलं.

“झालं, ताई.”

काकूंनी पिशवी खांद्याला लावली. “मी होते पुढे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसते जरा. तुम्ही आवरून या.”